सांता मुएर्ते : मरणाला घरात घेणारी भक्ती



या व्याख्यानमालेत आजवर संतांवर पुष्कळ बोलले गेले आहे. मीही आज एका संताविषयीच बोलणार आहे. फरक इतकाच की हा संत कधी जन्मला नाही, त्याने अभंग रचले नाहीत, चमत्काराची पोथी मागे ठेवली नाही, आणि ज्या धर्माच्या परिभाषेत त्याला संत म्हणतात त्या धर्माने त्याला कधीच संत मानलेले नाही. मेक्सिकोत लाखो लोक ज्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावतात ती हाडांच्या सापळ्याची मूर्ती आहे. अंगावर स्त्रीचा पायघोळ झगा, डोक्यावरून पदर घ्यावा तसे वस्त्र, आणि चेहऱ्याच्या जागी कवटी. तिचे नाव सांता मुएर्ते, म्हणजे संत मरण, किंवा पवित्र मरण.

वर्तमानपत्रांत तिचे नाव बहुधा अमली पदार्थांच्या टोळ्यांच्या बातमीत येते. त्यामुळे ‘गुंडांची देवी’ एवढीच तिची ओळख आपल्यापर्यंत पोहोचते. ही ओळख संपूर्ण खोटी नाही. पण ती अपुरी आहे, आणि ती का अपुरी आहे हे त्या मूर्तीच्या हातातल्या वस्तू नीट पाहिल्या की समजते. माझे म्हणणे थोडक्यात असे : सांता मुएर्तेचे भक्त मरणाची पूजा करतात असे दिसत असले तरी ते मागतात ते आयुष्यच. आणि ते मरणाकडे मागतात, कारण मरण माणसामाणसांत भेद करत नाही अशी त्यांची खात्री आहे. याच खात्रीत या भक्तीचे बळ आहे आणि तिची अडचणही तिथेच आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. मेक्सिको म्हटले की आपल्याला कवट्या आठवतात : साखरेच्या कवट्या, झेंडूच्या फुलांनी सजवलेल्या कबरी, रंगवलेले चेहरे. तो नोव्हेंबरच्या १ आणि २ तारखेचा मृतांचा सण. आपल्या पितृपक्षासारखे त्याचे नाते घरातल्या गेलेल्या माणसांशी असते. दुसरी प्रसिद्ध कवटी म्हणजे मोठी पिसांची टोपी घातलेली कात्रिना. ती होसे ग्वादालुपे पोसादा या चित्रकाराने १९१३ साली आपल्या मृत्यूपूर्वीच्या काही वर्षांत कोरली, युरोपीय थाट मिरवणाऱ्यांची टर उडवण्यासाठी. पुढे दिएगो रिव्हेराने तिला आपल्या भित्तिचित्रात आणले. या दोन कवट्यांपुढे कोणी नवस बोलत नाही. पहिलीत आठवण आहे, दुसरीत थट्टा आहे. नवस बोलला जातो तो सांता मुएर्तेपुढे, आणि मी ‘नवस’ हा शब्द मुद्दाम वापरतो आहे. तिथेही बोलायचे असते आणि फेडायचे असते. फेडला नाही तर ती रागावते, घरातले माणूस ओढून नेते, अशी धास्ती तिथेही आहे.

आता मूर्तीकडे पाहू. एका हातात लांब दांड्याचा विळा असतो. आपला शेतकरी उकिडवा बसून विळ्याने कापणी करतो. युरोपातला शेतकरी उभ्याने, दोन्ही हातांनी मोठे पाते फिरवून गवत आणि पीक कापत असे, आणि एका फेऱ्यात उंच, ठेंगणी सगळी कणसे आडवी होत. मरण म्हणजे अशी कापणी, ही कल्पना मध्ययुगीन युरोपची. भक्त मात्र या विळ्याचा आणखी एक अर्थ सांगतात : वाटेतले अडथळे, करणी, वैऱ्याचा डाव, हे सारे ती याच पात्याने छाटते.

दुसऱ्या हातात पृथ्वीचा गोल, कारण तिची सत्ता सर्वत्र आहे. कधी तराजू असतो, तो न्यायाचा. कधी वाळूचे घड्याळ असते. त्याचा अर्थ मराठी माणसाला वेगळा सांगावा लागत नाही, कारण आपल्या भाषेत ‘काळ’ हा एकच शब्द वेळेलाही आहे आणि मरणालाही. काळ आला होता पण वेळ आली नव्हती, असे आपण सहज म्हणतो. भक्त तर असेही सांगतात की वाळू संपली की घड्याळ उलटे करता येते. शेवट म्हणून जे दिसते तिथून पुन्हा सुरुवात होऊ शकते. पायाशी पुष्कळदा घुबड असते. मेक्सिकोत घुबडाचा आवाज मरणाची वर्दी समजतात, आपल्याकडेही तो अशुभच. पण इथे घुबड अंधारात दिसणाऱ्या डोळ्यांचे म्हणून बसले आहे, तिचा निरोप्या म्हणून.

आणि पुढ्यातला नैवेद्य? फुले, फळे, पाव, तकीला नावाची मेक्सिकन दारू, पेटवलेली सिगारेट, आणि न चुकता पाण्याचा पेला. पाण्याचे कारण फार साधे आहे : ती नुसती हाडे आहे, सुकलेली आहे, तिला तहान लागत असणार. कोणत्याही धर्मग्रंथात हे नाही. हे एखाद्या स्वयंपाकघरात सुचलेले आहे.

ही मूर्ती आली कुठून, यावर अभ्यासकांत वाद आहे. एक पक्ष तिला स्पॅनिश आक्रमणापूर्वीच्या अॅझ्टेक देवतांशी जोडतो. त्यांच्या पाताळात मिक्त्लानतेकुत्ली हा मृतांचा राजा आणि मिक्तेकासिवात्ल ही त्याची राणी, दोघेही हाडांच्या रूपात. मेक्सिकोतल्या पुष्कळ भक्तांनाही ही वंशावळ आवडते. दुसरा पक्ष म्हणतो, झगा, विळा, तराजू, वाळूचे घड्याळ हे सगळे सामान युरोपचे आहे. चौदाव्या शतकात प्लेगने युरोप उजाड केल्यावर भिंतींवर नाचणारे सापळे रंगवले जाऊ लागले. राजा, बिशप, सावकार, भिकारी यांचा हात धरून त्यांना एकाच रांगेत नेणारे सापळे. स्पॅनिश पाद्र्यांनी तीच प्रतिमा अमेरिकेत नेली, लोकांना पापाची धास्ती बसावी म्हणून. शिवाय ‘पवित्र मरण’ हा शब्दप्रयोगही चर्चचाच. पापाची कबुली देऊन, संस्कार घेऊन शांतपणे येणारे मरण, असा त्याचा मूळ अर्थ. मला दिसते ते असे की मूर्तीचे सामान युरोपचे आणि तिच्याशी वागण्याची रीत स्थानिकांची. पाद्र्यांनी उपदेशासाठी दाखवलेले चित्र लोकांनी घरी नेले आणि त्याच्याशी बोलायला सुरुवात केली.

ती स्त्रीच का? स्पॅनिश भाषेत मरण हा शब्द स्त्रीलिंगी आहे, हे एक कारण सांगतात. आपल्याकडे मृत्यू पुल्लिंगी आणि मरण नपुंसकलिंगी. आपला यमही पुरुष. पण व्याकरणाने सगळे ठरत नाही. अर्जेंटिनाच्या ईशान्येला आणि पराग्वेत सान ला मुएर्ते नावाचा असाच एक सापळा पूजतात. शब्द तोच, तरी तो पुरुष आहे, आणि त्याची हाडाची किंवा लाकडाची इवलीशी मूर्ती ताईत म्हणून जवळ बाळगतात. ग्वाटेमालात सान पास्क्वाल या संताच्या नावाने सापळ्याच्या रूपातला राजा पूजला जातो, तोही पुरुष. मेक्सिकोने मात्र बाईच निवडली, आणि तिला नावे दिली ती घरगुती : हडकुळी, पांढरी पोर, धर्ममाता, आणि कोमाद्रे. कोमाद्रे म्हणजे आपल्या लेकराच्या बाप्तिस्म्याला जी धर्ममाता म्हणून उभी राहते ती, नात्याबाहेरची पण सोयरी झालेली बाई. जिचे नाव घ्यायला भीती वाटावी तिला नात्यात ओढले. हे आपल्याला परके नाही. आपल्या आजीपणजीच्या काळी ज्या रोगाने घरे उठत त्याला आपण ‘देवी’ म्हटले, आणि रोग झाला असे न म्हणता ‘देवी आल्या’ म्हटले.

या भक्तीचा एक जुना लेखी पुरावा १७९७ सालचा आहे. ग्वानाह्वातो प्रांतातल्या सान लुइस दे ला पास इथल्या स्थानिक रहिवाशांविरुद्ध धर्मन्यायालयापुढे आलेली ती तक्रार आहे. हे लोक रात्री चॅपलमध्ये जमतात, पेयोते नावाच्या निवडुंगाचे मादक पेय घेतात, सांता मुएर्ते नावाच्या आकृतीला दोरीने बांधतात, आणि मागितलेले दिले नाहीस तर फटके मारू, जाळू, अशी तिला धमकी देतात, असे त्यात म्हटले आहे. वाचून आपण दचकतो. पण मराठीत ‘देव पाण्यात घालून बसणे’ हा वाक्प्रचार कुठून आला? पाऊस नाही, घरचे माणूस गावाहून आले नाही, तर देवाला पाण्यात ठेवायचे आणि काम झाल्याशिवाय बाहेर काढायचे नाही. देवाची अशी अडवणूक ज्याचे त्या देवाशी घरचे नाते आहे तोच करू शकतो.

त्यानंतर पुढची दीडशे वर्षे लेखी साहित्यात ती फारशी दिसत नाही, आणि विसाव्या शतकाच्या मध्याला पुन्हा दिसते ती अगदी निराळ्या कामावर. ऑस्कर लुइस या मानववंशशास्त्रज्ञाचे ‘सांचेसची मुले’ या अर्थाच्या नावाचे पुस्तक १९६१ साली निघाले. मेक्सिको सिटीच्या चाळीत राहणाऱ्या एका गरीब कुटुंबाच्या आत्मकथा त्यात आहेत. त्यात एका बाईच्या निवेदनात सांता मुएर्तेची प्रार्थना येते. नवऱ्याचे पाऊल वाकडे पडले तर रात्री मेणबत्ती लावून, नऊ रात्री तिला विनवायचे, म्हणजे नवरा परत येतो. त्या काळच्या बहुतेक नोंदी अशाच आहेत. तेव्हा ती बायकांची गुपचूप आराधना होती. त्या मेणबत्तीचा रंग लाल. आज जिला टोळ्यांची देवी म्हणतात ती तेव्हा बाहेरख्याली नवऱ्यांना घरी आणण्याचे काम करत होती.

मग चित्र बदलले कसे? १९९८ साली दानिएल आरिस्मेन्दी हा अपहरणे करणारा क्रूर गुन्हेगार पकडला गेला. खंडणीसाठी तो ओलिसांचे कान कापून घरी पाठवत असे. त्याच्या घरात सांता मुएर्तेची मूर्ती सापडली, आणि वर्तमानपत्रांनी देशाला तिची ओळख करून दिली ती अशी. त्यानंतर तीन वर्षांनी, २००१ साली, मेक्सिको सिटीतल्या तेपितो या वस्तीत एन्रिकेता रोमेरो नावाच्या बाईने माणसाच्या उंचीची मूर्ती काचेच्या कपाटात घालून आपल्या घराबाहेर रस्त्यावर मांडली. तेपितो ही चोरबाजारासाठी बदनाम झालेली कष्टकऱ्यांची वस्ती. या दोन्या केता खाद्यपदार्थ विकून घर चालवत. घरातल्या देव्हाऱ्यातली मूर्ती त्यांनी उंबऱ्याबाहेर आणली, तशी लोकांची रीघ लागली. महिन्याच्या पहिल्या तारखेला तिथे जपमाळेची प्रार्थना होऊ लागली. मूर्तीला नवे कपडे, नवे केस. कोणी गुडघ्यांवर चालत येतो, कोणी तान्हे मूल घेऊन, कोणी तुरुंगातून सुटलेल्या भावाला घेऊन.

अमेरिकन अभ्यासक अँड्र्यू चेस्नट यांनी २०१२ साली तिच्यावर एक पुस्तक लिहिले आणि त्याची मांडणी मेणबत्त्यांच्या रंगांवर केली. लाल प्रेमासाठी, सोनेरी पैशासाठी, जांभळी आजारातून उठण्यासाठी, हिरवी कोर्टकचेरीसाठी, पांढरी कृतज्ञतेसाठी आणि शुद्धीसाठी. काळी मेणबत्ती सूड आणि घात यांसाठी, तसेच घातापासून रक्षणासाठीही. बातम्यांत दिसते ती काळी. पण चेस्नट सांगतात की दुकानांत आणि वेदींवर काळी कमी दिसते. लोक रोजगार, औषधपाणी, नवरा आणि वकील मागत असतात. रंगांची ही यादी म्हणजे ज्या गोष्टी सरकार, दवाखाना आणि कचेरी यांच्याकडून मिळायला हव्या होत्या आणि मिळाल्या नाहीत त्यांची यादी आहे.

तिच्या चेहऱ्याचे महत्त्व किती, याचा एक दाखला सांगतो. दाविद रोमो नावाच्या धर्मगुरूने मेक्सिको सिटीत तिच्या नावाने आपले चर्च चालवले होते. सरकारने २००३ साली त्याला नोंदणी दिली आणि २००५ साली ती काढून घेतली. २००७ साली रोमोने मूर्तीला नवे रूप दिले : हाडे गेली, त्या जागी नाजूक, देखणी, पंखांची देवदूत-कन्या आली. हेतू उघड होता, मूर्ती सभ्य दिसावी. भक्तांनी ती नाकारली. पुढे रोमोला अपहरणाच्या प्रकरणात मोठी शिक्षा झाली, तो भाग वेगळा. पण नाकारण्याचे कारण मला विचार करण्यासारखे वाटते. देखण्या चेहऱ्याला रंग असतो, वय असते, वंश असतो. तो कोणासारखा तरी दिसतो आणि कोणासारखा दिसत नाही. कवटी सगळ्यांसारखी दिसते, कारण ती सगळ्यांच्या आत आहे. मेक्सिकोसारख्या समाजात, जिथे गोऱ्या कातडीला अजून मान आहे, कातडीच नसलेली संत ही साधी गोष्ट नाही. चर्चच्या दारात ज्यांना अवघडल्यासारखे होते, त्यांत वेश्या आहेत, समलिंगी आहेत, तृतीयपंथी आहेत, तुरुंगातले कैदी आहेत. ते तिच्याकडे येतात कारण ती चौकशी करत नाही.

इथेच अडचण सुरू होते, आणि ती टाळून पुढे जाणे बरे नव्हे. जी चौकशी करत नाही ती खुन्याचीही करत नाही. रात्री गस्तीवर निघालेला पोलीस तिला सांगतो, मला सुखरूप घरी आण. त्याच रात्री त्याच्यावर गोळी झाडणारा तेच सांगतो. ग्वादालुपेच्या मेरीकडे कोकेनची खेप सुखरूप पोहोचव असे मागायला जीभ रेटत नाही. हडकुळीकडे रेटते. तिचा तराजू सम आहे, पण त्यात पाप आणि पुण्य तोललेच जात नाही.

चर्चचा आक्षेप आणखी मुळाशी जातो. ख्रिस्ताने मरणावर विजय मिळवला हा त्यांच्या श्रद्धेचा गाभा. मग ज्या शत्रूला देवाने हरवले त्याचीच आरती कशी करायची? २०१३ साली व्हॅटिकनचे सांस्कृतिक विभागप्रमुख कार्डिनल राव्हासी यांनी या भक्तीला उघडपणे धर्मनिंदा ठरवले. त्याआधी, २००९ साली, सरकारने सीमेवरच्या शहरांजवळची तिची तीसहून अधिक देवळे यंत्रे लावून पाडली, टोळ्यांविरुद्धच्या मोहिमेचा भाग म्हणून. चर्चचा युक्तिवाद मला समजतो. सरकारची कारवाई समजत नाही. देवळे पडली, पण खून थांबले नाहीत. ज्या भीतीपायी लोक तिथे येत होते ती भीती तशीच राहिली. आणि तिच्याबरोबर मेणबत्त्याही राहिल्या. आज मेक्सिकन मजूर जिथे जिथे गेले, लॉस एंजेलिस, शिकागो, न्यूयॉर्क, तिथे ती गेली आहे. होळकरांबरोबर जेजुरीचा मार्तंड इंदूरच्या राजवाड्यात आला. माणूस देश सोडतो तेव्हा सामानात देव असतोच, हे आपल्यासारख्या बाहेर वसलेल्या मराठी घरांना सांगायला नको.

आपल्याकडे असे काही आहे का, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. हाडांचा देव आहे : वेरूळच्या चौदाव्या लेण्यात सप्तमातृकांच्या रांगेशी सापळ्याच्या रूपातला काळ कोरलेला आहे. पण आज त्याला कोणी नवस बोलत नाही. जिवंत भक्तीत सांता मुएर्तेच्या सर्वांत जवळची आपली मरीआई, पटकीची देवी. तिचा पोतराज कोरडा स्वतःच्या पाठीवर ओढतो. १७९७ च्या त्या तक्रारीत फटक्याची धमकी देवीला होती. दुसरा फरक मला अधिक महत्त्वाचा वाटतो. साथ आली की आपल्या गावांनी मरीआईची ओटी भरली, नैवेद्य दिला, आणि तिचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडला. मान द्यायचा आणि पाठवणी करायची. कारण साथ येते आणि जाते. तेपितोतल्या माणसाला मरणाची पाठवणी करता येत नाही. त्याचे मरण साथीसारखे येत-जात नाही, ते गल्लीच्या कोपऱ्यावर रोज उभे आहे. शिवेबाहेर नेता येत नाही म्हणून त्याने तिला घरात घेतले, पाणी दिले आणि सोयरी केले.

महाभारताच्या शांतिपर्वात मृत्यूची एक कथा आहे. नारदाने एका राजाला सांगितलेली ती कथा भीष्म युधिष्ठिराला सांगतात. सृष्टीत कोणी मरेना, पृथ्वीला भार होऊ लागला, तेव्हा ब्रह्मदेवापासून एक सावळी, लाल वस्त्रे नेसलेली स्त्री उत्पन्न झाली. तीच मृत्यू. प्राण्यांना मार, असे तिला सांगितले तेव्हा ती रडू लागली. ब्रह्मदेवाने तिचे अश्रू ओंजळीत धरले. हे काम टळावे म्हणून तिने दीर्घ तप केले. अखेर आज्ञा मोडता येईना, तेव्हा तिला वर मिळाला की तुला अधर्म लागणार नाही, कारण तुझे अश्रूच रोग होऊन प्राण्यांना नेतील. आपण यमाची सावित्रीशी आणि नचिकेताशी झालेली बोलणी लक्षात ठेवली, आणि ही रडणारी बाई विसरून गेलो. मेक्सिकोचा आणि या कथेचा काही संबंध नाही. पण मरण क्रूर नसून तिला नेमून दिलेले काम ती करते, आणि म्हणून तिच्याशी बोलता येते, ही कल्पना दोन दूरच्या समाजांना सुचली, एवढे खरे.

कोणत्याही भक्तीची पारख तिच्या सर्वांत वाईट भक्तावरून करायची की सर्वांत गरजू भक्तावरून, हा प्रश्न सांता मुएर्ते आपल्यापुढे ठेवते. माझा कल दुसरीकडे आहे, पण काळ्या मेणबत्तीकडे डोळेझाक करूनही चालणार नाही. प्रतिमेचा अर्थ कवटीत कोरलेला नसतो. नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बाईने तिच्यात एक पाहिले, अपहरणकर्त्याने दुसरे, चर्चने तिसरे. कवटी बदलली नाही.

आणि तिच्यापुढची मागणी ऐकली तर ती फार मोठी नसते. अमर कर असे तिला कोणी म्हणत नाही, कारण ती कोण आहे हे सर्वांना ठाऊक आहे. भक्त म्हणतो, यायचे तेव्हा ये, पण आज नको. रस्त्यात गोळीने नको, अंथरुणावर, माणसांत ने. चर्चने शिकवलेला ‘पवित्र मरण’ या शब्दाचा अर्थही हाच होता. तो अर्थ चर्चच्या हातून निसटला आणि तेपितोच्या रस्त्यावर, काचेच्या एका कपाटापुढे, पाण्याच्या पेल्याशेजारी येऊन थांबला.